गाडी खाली घेतल्यावर पुढच्या सस्पेन्शनची जॉमेट्री: कामाचा क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी) टाकले, गाडी ४० मिमी खाली बसवली, टायरवाल्याकडे जाऊन अलाइनमेंट मारून घेतली, आणि ट्रॅकवर पहिल्याच वळणाला गाडी सरळ बाहेर चाललीये, ब्रेक मारताना कर्बला चाक लागलं की स्टिअरिंग हातात नाचतंय. हे गाऱ्हाणं मुंबईतल्या पोरांकडून सतत ऐकू येतं आणि बहुतेक वेळा पार्ट चांगलेच असतात, महागाचे असतात, फक्त काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा झुकाव; वरचं टोक आत म्हणजे निगेटिव्ह) आधी, टो (वरून बघताना चाकांची पुढची टोकं आत म्हणजे टो इन, बाहेर म्हणजे टो आउट) लगेच, आणि लोअर आर्मकडे (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) कोणी बघितलेलंच नसतं.

खालचं सगळं मॅकफर्सन स्ट्रटवाल्या (शॉक-स्प्रिंगचा उभा खांब, म्हणजे स्ट्रट, वरून चाक धरतो तो प्रकार), पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीसाठी आहे, म्हणजे स्विफ्ट, पोलो आणि त्यांच्या जातीच्या गाड्या. डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) असेल तर मोजायची पद्धत चालेल, पण उपाय वेगळे.

आणि ही ट्रॅकची गाडी आहे असं मी धरून चाललोय. मुंबईत कायमचा ट्रॅक नाही, इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास सर्किट असो नाहीतर कोइंबतूरचं कारी, गाडी ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर टाकून न्या. रस्त्यावरच्या गाडीत असले बदल मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आणि तसंही आपल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर या सेटिंगने टायर आतल्या बाजूने खाऊन टाकेल.

## आधी समजून घ्या नेमकं काय बिघडतं

लांबलचक थिअरी नको, तीन गोष्टी पुरेत.

एक, लोअर आर्म. कंपनीच्या उंचीला आर्म साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी खाली आली की बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, बॉडीच्या मानाने वर जातं. आर्म ३३० मिमी लांब धरला तर ४० मिमीला कोन जवळपास ७ अंशांनी बदलतो. त्याने रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) खाली जातो, आणि गाडी जेवढी खाली आली त्यापेक्षा जास्त खाली जातो. वजनाचा मध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढलं म्हणजे गाडी वळणात झुकायला जास्त मोकळी झाली. म्हणून खाली घेतलेली गाडी कधीकधी आधीपेक्षा जास्त लोळते आणि मग लोक अजून कडक स्प्रिंग घालत बसतात.

दोन, कॅम्बर गेन. चाक वर जाताना निगेटिव्ह कॅम्बर थोडा वाढायला हवा. आर्म वर चढलेला असेल तर ही वाढ कमी कमी होत जाते, आणि आर्म व स्ट्रटमधला आतला कोन ९० अंशांच्या पुढे गेला की उलटीच होते. म्हणजे नेमकं बाहेरच्या चाकावर भार असताना कॅम्बर कमी होतो.

तीन, बंप स्टीअर. टायरॉड (स्टिअरिंग रॅकपासून येऊन चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात, त्यांची जोडी मोडली की चाक वरखाली होताना आपोआप टो बदलतो. तुम्ही स्टिअरिंग हलवलेलं नसतं, चाक स्वतःच वळतं.

## टप्पा १: जागा आणि सामान

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही पण कॅम्बरच्या मापात दिसतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप आणा, पाणी भरा, चारही चाकांच्या जागा एका पातळीत आहेत का बघा. जिथे कमी तिथे लादीचे किंवा प्लायचे तुकडे टाकून पातळी करा आणि जमिनीवर ऑइल पेंटने खुणा करून ठेवा, पुढच्या वेळी हाच वेळ वाचतो.

सामान असं लागेल: चांगल्या चार घोड्या, म्हणजे जॅक स्टँड (विटा नाहीत, लाकडाचे ठोकळे नाहीत), टॉर्क रेंच, ओळंबा, बारीक नायलॉन दोरी, स्टीलची पट्टी, डिजिटल अँगल गेज, दोन डायल गेज स्टँडसकट, आणि एक सनमायका लावलेली सपाट प्लायची पाटी ज्याला हबच्या बोल्टांची भोकं पाडलेली आहेत. टर्न प्लेट (चाक जमिनीवर मोकळं वळावं म्हणून खाली ठेवतात ती) विकत घ्यायची गरज नाही, दोन गुळगुळीत लाद्या आणि मध्ये ग्रीस, झालं. ड्रायव्हरचं वजन म्हणून २० लिटरचे भरलेले पाण्याचे जार सीटवर आणि पायाकडे ठेवा, एक जार साधारण २० किलो. पेट्रोल अर्धी टाकी, म्हणजे ट्रॅकवर जेवढं असतं तेवढं.

स्पेअर पार्ट ऑपेरा हाऊसला बघा, पण बॉल जॉइंट आणि टायरॉड एन्ड जुने घेऊ नका, कुर्ल्याच्या भंगारातून तर अजिबात नाही. भंगारातून घ्यायचंच असेल तर एक जास्तीचा नकल (चाकाचा हब धरणारा तुकडा) घ्या, लेथवाल्याकडे मापं काढायला आणि ट्राय करायला कामी येतो.

तपासा: काम सुरू करायच्या आधी बॉल जॉइंट, टायरॉड एन्ड, व्हील बेअरिंग, रॅक, स्ट्रटचं वरचं माऊंटिंग यात कुठेही प्ले नको. ढिल्या गाडीवर घेतलेलं माप म्हणजे नुसता कागद.

## टप्पा २: उंची ठरवा आणि मग तिला हात लावू नका

पुढचे सगळे आकडे उंचीवर उभे आहेत. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, जमिनीपासून नको, कारण टायरची हवा बदलली की जमिनीचं माप बदलतं. कॉइलओव्हरवर दोन्ही बाजूला सारखे थ्रेड दिसले म्हणजे उंची सारखी झाली असं नाही, मापून बघा.

किती खाली घ्यायची? माझं मत विचाराल तर फोटोत जेवढी चांगली दिसते त्यापेक्षा थोडी वर. स्ट्रट बंप स्टॉपला (प्रवासाच्या शेवटी असलेला रबरी ठोकळा) टेकायच्या आधी ५० मिमीच्या आसपास तरी प्रवास शिल्लक हवा, नाहीतर वळणाच्या मध्यावर बंप स्टॉप लागतो, त्या चाकाचा स्प्रिंग रेट एकदम वाढतो आणि पुढची पकड सुटते, आणि मग दोष कॅम्बरला जातो.

गाडी जॅकवरून उतरवली की लगेच मोजू नका. दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला, बंपर दाबून दोनदा हलवा, मग मोजा. जॅकवरून उतरताना चाकं आत अडकलेली असतात आणि गाडी खोटी उंच दिसते.

## टप्पा ३: लोअर आर्मचा कोन

गाडी चारही चाकांवर, जार आत ठेवलेले. जमिनीपासून आर्मच्या आतल्या बुशचा मध्य आणि बाहेरच्या बॉल जॉइंटचा मध्य मोजा. आर्मची पत्र्याची कड बघून अंदाज करू नका, ती वाकडीतिकडी असते, हिशोब फक्त दोन पिव्होटच्या मध्यांचा. बाहेरचा मध्य आतल्यापेक्षा वर आला असेल तर बॉल जॉइंट खाली आणायचा, दोन्ही एका पातळीत किंवा बाहेरचा किंचित खाली हे ध्येय.

कागदावर १:१० मध्ये आखून बघणार असाल तर उत्तमच. स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला काटकोनात एक रेष, आर्मच्या दोन मध्यांतून दुसरी, दोन्ही जिथे भेटतात तिथून टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या मध्यापर्यंत तिसरी. ही तिसरी रेष गाडीची मधली रेष जिथे कापते तो रोल सेंटर. कंपनीच्या उंचीला एकदा, आताच्या उंचीला एकदा. दोन चित्रं शेजारी ठेवली की कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

उपाय म्हणजे लांब पिनचा बॉल जॉइंट किंवा नकल आणि बॉल जॉइंटमध्ये बसणारा स्पेसर. कुठला बसेल ते तुमच्या गाडीवर अवलंबून, काहींत बॉल जॉइंट आर्मला बोल्टने असतो, काहींत आर्मसकटच येतो. साधारण २० ते ३० मिमीचे मिळतात. ३३० मिमीच्या आर्मवर २५ मिमी म्हणजे ४ अंशांहून थोडं जास्त परत मिळालं. सगळे ७ अंश परत मिळवायच्या नादाला लागू नका, रिममध्ये जागाच नसते.

सावधान: बॉल जॉइंटची पिन ओळखीच्या लेथवाल्याकडून एमएसच्या (साधं मऊ पोलाद) बारमधून करून घेणं बंद करा. लांब पिनवर वाकवणारा जोर कंपनीच्या पिनपेक्षा जास्त येतो. साधा स्पेसर ईएन२४ (मजबूत मिश्र पोलाद) मध्ये करून घेता येतो, पण पिन तयार, नावाजलेल्या ठिकाणची घ्या. बोल्ट किमान १०.९ ग्रेडचे, नट दरवेळी नवे. नकलला वेल्डिंग करायचं नाही, गरमही करायचं नाही.

बॉल जॉइंट खाली आला की रिमच्या आतल्या भिंतीजवळ येतो. १४ इंची रिममध्ये बऱ्याचदा जागा संपते, १५ इंचीत जमतं. चाक लावून हाताने पूर्ण फिरवा, पिन आणि रिममध्ये ५ मिमी तरी दिसली पाहिजे, कारण भाराखाली रिमही थोडी दबते.

## टप्पा ४: कॅस्टर आणि कॅम्बर, सध्या कच्चं

हे बंप स्टीअरच्या आधी का? कारण कॅस्टर (बाजूने बघताना स्ट्रटच्या वरच्या टोकाचा मागे झुकाव) बदलला की टायरॉड जिथे जोडला जातो तो नकलचा डोळाही वरखाली होतो. रॅक एक्सलच्या मागे असेल, जसा या गाड्यांत असतो, आणि डोळा १२० मिमी मागे असेल तर २ अंश कॅस्टर वाढवल्यावर तो साधारण ४ मिमी खाली येतो. बंप स्टीअरच्या हिशोबात ४ मिमी खूप झाले. आधी बंप स्टीअर जुळवून मग वरच्या प्लेटने कॅस्टर ओढलात की सगळी मेहनत पाण्यात.

सुरुवातीला सेमी-स्लिकसाठी (ट्रॅकचे जास्त पकडीचे टायर) निगेटिव्ह कॅम्बर २.५ ते ३ अंश, साध्या टायरवर १.५ ते २. कॅस्टर ५ ते ७ अंशांमध्ये जेवढा सहज मिळेल तेवढा, दोन्ही बाजूला सारखा. कॅस्टर जास्त असला की स्टिअरिंग वळवल्यावर बाहेरच्या चाकाला कॅम्बर मिळतो आणि सरळ रस्त्यावर ब्रेकिंगला त्याची किंमत द्यावी लागत नाही, म्हणून मी आधी कॅस्टर शोधतो आणि मग कॅम्बर.

कॅम्बर ओळंब्यानेही मोजता येतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेमध्ये ४०० मिमी अंतर असेल तर १ अंश म्हणजे ७ मिमी फरक, ३ अंशांना २१. कॅस्टरसाठी चाक लाद्यांवर ठेवून २० अंश बाहेर वळवा, कॅम्बर लिहा, २० अंश आत वळवा, परत लिहा, दोन्हींतल्या फरकाला १.५ ने गुणा.

ऑफसेटबद्दल इथेच एक. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर मिमीमध्ये. ईटी ४० ची रिम काढून ईटी २५ लावली तर चाक १५ मिमी बाहेर गेलं, स्क्रब रेडियस (टायरचा मध्य आणि चाक ज्या रेषेभोवती वळतं ती, यांच्यातलं जमिनीवरचं अंतर) तेवढा बदलला, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर स्टिअरिंग खेचायला लागलं तर दोष तिथेच आहे. दिसायला भारी म्हणून रिम बाहेर काढणाऱ्यांनी नंतर जॉमेट्रीला शिव्या देऊ नयेत.

## टप्पा ५: स्प्रिंग काढून बघायच्या गोष्टी

आता गाडी घोड्यांवर, बॉडीखाली भक्कम टेकू, आणि स्ट्रटमधून स्प्रिंग बाहेर. शक्य असेल तर बंप स्टॉपही काढा. कॉइलओव्हरवर हे सोपं आहे, कंपनीच्या स्प्रिंगला चांगला कॉम्प्रेसर लावूनच काढा, दोरी-साखळीचे प्रकार नकोत, सुटलेली स्प्रिंग माणूस मारते.

स्ट्रट मोकळा झाला की लोअर आर्मखाली जॅक लावून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेता येतं. हे करताना एकाच वेळी बघा:

- टायर आतल्या मडगार्डला, स्प्रिंगच्या बैठकीला घासतो का, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून
- ब्रेकचा होज ताणला जातो का, चाक खाली लटकताना आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना
- एक्सलचा आतला जॉइंट तळाला टेकतो का किंवा बाहेर निसटायला येतो का
- लिंक रॉड (अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा दांडा) आर्मला किंवा स्ट्रटला आदळतो का

बहुतेक जण हे टाळतात कारण स्प्रिंग परत बसवायचा कंटाळा. पण पुढचा टप्पा स्प्रिंग असताना होतच नाही, त्यामुळे एकदाच काढा आणि दोन्ही उरकून घ्या.

## टप्पा ६: बंप स्टीअर

हा खरा वेळ खाणारा भाग. एक पूर्ण रविवार द्या, आणि पंखा लावा.

स्टिअरिंग मध्यावर आणून घट्ट बांधा, स्टिअरिंग लॉकवर भरवसा नको, त्यात खेळ असतो. हबला सनमायकाची पाटी बोल्टने बसवा. पाटीसमोर एकाच उंचीवर दोन डायल गेज, एक पुढे एक मागे, मध्ये बरोबर ३०० मिमी. चाक टप्पा २ मध्ये ठरवलेल्या उंचीला आणा, दोन्ही गेज शून्यावर. आता १० मिमीच्या पायऱ्यांनी ५० वर आणि ५० खाली, प्रत्येक पायरीला दोन्ही आकडे लिहा.

एकच गेज लावून भागवणारे पुष्कळ भेटतात. ते चुकीचं आहे, कारण चाक वरखाली होताना पूर्णच आतबाहेरही सरकतं आणि एका गेजला तो टो वाटतो. टो म्हणजे दोन गेजांतला फरक. ३०० मिमीवर ०.५ मिमी फरक आला तर तो जवळपास ०.१ अंश, म्हणजे ६ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं). उंचीच्या वरखाली २५ मिमीमध्ये एका चाकाला एवढ्याच्या आत राहिलात तर ट्रॅकसाठी चांगलं काम झालं. शून्य येणार नाही, मागे लागू नका.

आलेले आकडे आलेखाच्या वहीत काढा आणि आकार बघा, कारण आकारच सांगतो कुठे हात घालायचा.

रेष तिरकी आहे, म्हणजे वर जाताना टो आउट आणि खाली येताना टो इन किंवा त्याच्या उलट: टायरॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची चुकलीये. रॅक मागे असलेल्या गाडीत वर जाताना टो आउट होत असेल तर बाहेरचं टोक जास्त उंच आहे, ते खाली आणा. टप्पा ३ मध्ये बॉल जॉइंट २५ मिमी खाली आणलात आणि टायरॉड तिथेच ठेवलात तर हेच दिसणार. स्पेसर टाकून बंप स्टीअर किटचे पैसे वाचवणारे इथेच फसतात, त्यांची गाडी खाली घेतल्यावर होती त्यापेक्षाही जास्त बिघडते.

रेष कमानीसारखी आहे, वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेने टो बदलतोय: टायरॉडची लांबी किंवा रॅकची जागा आर्मशी जुळत नाहीये. हे घरी सुटण्यातलं नाही, रॅक हलवायला लागतो. कमान उथळ असेल तर सोडून द्या.

टोक खाली आणायला रोज जॉइंटवाला (‘रोज’ हे नाव आहे, आत गोळी असलेला धातूचा जॉइंट) टायरॉड एन्ड आणि वॉशरांचे पॅकिंग वापरतात, नकलच्या टेपर भोकात बसणाऱ्या टेपर बोल्टसकट. १ ते २ मिमीच्या वॉशरांनी पायरी पायरीने बदला, दरवेळी पूर्ण मोजणी परत. टेपर नीट बसतो का ते मार्किंग ब्लू लावून बघा, निळा रंग सगळीकडे सारखा उतरला पाहिजे, फक्त वरच्या कडेला उतरला तर तो टेपर वेगळ्या मापाचा आहे आणि बोल्ट एक दिवस तुटणार.

सावधान: रोज जॉइंटच्या खाली मोठा सेफ्टी वॉशर हवाच, गोळी निसटली तरी टायरॉड बोल्टवर राहतो. आणि टायरॉडचे थ्रेड आत किती गेलेत ते मोजा, व्यासाच्या दीडपट तरी.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. डावीकडचे वॉशर मोजून उजवीकडे तेवढेच टाकले असं चालत नाही, अपघातात ठोकलेल्या गाडीत तर नाहीच.

## टप्पा ७: बुश आणि लिंक रॉड

स्प्रिंग परत आत, गाडी खाली, जार आत, गाडी पुढेमागे ढकलून बसवली. आता लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट टाइट करा, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला. चाक लटकत असताना हे बोल्ट टाइट केले तर रबर त्याच स्थितीत चिकटतं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं, उंची खोटी दाखवतं आणि काही महिन्यांत फाटतं. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असतानाच इम्पॅक्ट गन मारतात, तिथे उभं राहून थांबवायला लागतं. पॉलियुरेथेन बुशला हा त्रास नाही पण ग्रीस लागतं.

लिंक रॉड सगळ्यात शेवटी, ॲडजस्टेबल असेल तर बारवर पीळ नाही अशा लांबीला. बोल्ट हाताने सरळ आत गेला पाहिजे.

## टप्पा ८: पक्का कॅम्बर, आणि मग टो

कॅम्बर-कॅस्टर परत बघा, अर्ध्या अंशाच्या आतलाच फरक काढायचा. टो अगदी शेवटी, कारण वरच्या प्रत्येक गोष्टीने टो बदलतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्या. ४०० मिमीवर १ मिमी फरक म्हणजे ८ ते ९ मिनिटं. शून्य ते दोन्ही चाकं मिळून २ मिमी टो आउट इथून सुरुवात करा. टायरच्या दुकानात करायचं असेल तर जार घेऊन जा आणि कंपनीचे आकडे नको, आपले आकडे लिहून द्या, नाहीतर मशीन हिरवं होईपर्यंत तो फिरवत बसेल.

सगळ्या नट-बोल्टांवर पेंट मार्करची रेघ.

## टप्पा ९: ट्रॅकवरची पहिली फेरी

तीन-चार हळू लॅप, आत या. पेंटच्या रेघा जागेवर आहेत का, टायर कुठे घासल्याची चकाकी आहे का, रोज जॉइंट ढिला झालाय का. मगच जोरात.

जोराच्या लॅपनंतर कूल डाउन न करता थेट पिटमध्ये येऊन टायरचं तापमान घ्या, सुई घुसवणारा पायरोमीटर असेल तर तोच, बंदुकीसारखा थर्मामीटर फक्त वरचा पृष्ठभाग वाचतो आणि तो पटकन थंड होतो. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश सेल्सिअस गरम असेल तर कॅम्बर ठीक. बाहेरची गरम असेल तर कॅम्बर वाढवा. मधला भाग दोन्हींपेक्षा गरम असेल तर कॅम्बरला हात लावू नका, हवा कमी करा.

एका वेळी एकच बदल. कॅम्बर अर्ध्या अंशापेक्षा जास्त बदललात तर टो परत मोजायचा, आणि कॅस्टरला हात लावलात तर टप्पा ६ परत.

घरी आल्यावर रोज जॉइंटला रबर बूट घाला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात उघडे रोज जॉइंट चार महिन्यांत खडखडायला लागतात, म्हणून जून ते सप्टेंबर गाडी उभी असेल तर काढून, पुसून, ऑइल मारून पिशवीत ठेवा, कुठल्या बाजूला किती वॉशर होते ते त्याच पिशवीवर लिहून.